रात्री दोनची जुळणी

पर्वरीच्या आमच्या कचेरीत दोन वह्या आहेत,
कागदाची एकही नाही.
पहिली पहारा करते. दर पाच मिनिटांनी
प्रत्येक पेटीला हाक मारते: आहेस?
ओ आली तर हिरवा, नाहीतर लाल.
दुसरी कुणाला हाक मारत नाही.
तिच्यात लिहिलेलं असतं, कुठली पेटी कुठे बसवली,
किती पोर्टांची, आत काय भरलं, जबाबदारी कुणाची.
पहिलीला फक्त आत्ता ठाऊक,
दुसरीला फक्त सांगितलेलं.

रात्री दोन वाजता माझी एक स्क्रिप्ट
दोघींना शेजारी बसवते
आणि सकाळी मला भांडणांची यादी देते.

आधी मी नावांवरून जुळवायची. फसले.
एकीत म्हापसा, दुसरीत मापुसा,
आणि एका जुनाट ओळीत मापुका,
कारण सी-ची शेपटी कुठल्यातरी संगणकात गळून पडली होती.
पेटी एकच. पण एक हिरवी, एक लाल,
आणि तिसरीला कधी कुणी विचारलंच नव्हतं.
आमच्या आजोबांचंही असंच.
पोर्तुगीज नोंदणीत शेंकोर, शाळेच्या दाखल्यावर शंकर,
बागायतीच्या कागदावर आणखी काहीतरी.
वाटणीच्या वेळी वकील म्हणाला, हे तिघे भाऊ का?

तेव्हापासून मी अनुक्रमांक धरते.
तो कारखान्यात कोरलेला.
त्याला गाव नाही, त्याला उच्चार नाही.

दिवाडीची पेटी चाळीस दिवस लाल होती.
दुसरी वही म्हणे, आहे की, फेरीधक्क्याच्या खोलीत.
सांपेद्रहून फेरीत बसून गेले.
खोलीत मासळीची रिकामी क्रेट, भिंतीवर चार खिळ्यांची भोकं.
तिकडच्या वायरमनने ती पंचायतीत नेऊन लावली होती,
धक्क्यावर खारं वारं लागतं म्हणून.
काम चोख केलं होतं. फक्त कुणाला सांगितलं नव्हतं.
तिथे ती नव्या पत्त्यावर, नव्या नावाने
मजेत हिरवी होती.

हे सगळं सोपं.

एव्हरिस्त कुलासो गेला चवथीच्या सुट्टीत,
कचेरी बंद असताना.
एकसष्ट पेट्यांच्या पुढे, जबाबदारीच्या रकान्यात, तो.
डिसेंबरात चांदरहून फोन आला, पिएदादचा.
वाळपईची लाईट गेली की तिच्या उशाला टिंग,
काणकोणला झाड पडलं की टिंग,
केपें परत आलं की पुन्हा एकदा टिंग.
त्याचा फोन ती अजून चार्ज करून ठेवत होती, का ते मी विचारलं नाही.
म्हणाली, ‘ताका ओगी कर, बाय. राती न्हीद पडना.’

मी पहाऱ्याच्या वहीतून त्याचा नंबर काढला.
तिला सांगितलं, आता झोपा.

रात्री दोनला जुळणी झाली.
दोनवर चार मिनिटांनी साखळीचा राउटर पडला
आणि चांदरला टिंग.

चूक माझीच. दोन्ही वह्यांत फरक पडला
तर खरी कुठली, हे मीच लिहिलं होतं:
दुसरी. सांगितलेली.
पहारेकरणीने तो नाही म्हटलं,
दुसरीने तो आहे म्हटलं,
आणि स्क्रिप्टने निमूटपणे
त्याला परत आणून बसवला. एकसष्ट जागी.

मग दुसरी वही उघडली.
प्रत्येक ओळीत शेरा, त्याच्याच हातचा.
‘केपें: पंखा आवाज करतो, घाबरू नये.’
‘काणकोण: चावी पोदेरकडे.’
‘वाळपई: पावसाळ्यात साप. आधी दाराला लाथ मारावी.’
हे पहिल्या वहीला कधीच कळलं नसतं.

शेरे ठेवले.
नाव एकेक करून बदललं, एकदम नाही,
जेवणाची सुट्टी धरून साडेतीन तास.
आता तिथे माझं नाव आहे.

पहाटे सव्वातीनला वाळपई लाल झाली.
माझ्या उशाला टिंग.
उठले, बूट शोधले, जाड तळव्यांचे.